वाटसरूची सोबत
(काशीच्या मार्गावरील चोरी, ठगी आणि बंदोबस्त यांचा मागोवा)

काशीयात्रेची गोष्ट निघाली की आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य हमखास येई. पूर्वी काशीस निघालेला माणूस घरादाराची निरवानिरव करूनच उंबरठा ओलांडीत असे, असे ती म्हणे. देणीघेणी चुकती करावयाची, शेतीवाडी भावाच्या स्वाधीन करावयाची, मुलीबाळींना भेटून घ्यावयाचे आणि मग निघावयाचे. यात्रा निर्विघ्न पार पडून माणूस परतला म्हणजे गंगापूजन करून मावंदे घालावयाचे. या मावंद्यात पुण्यसंचयाच्या आनंदाइतकाच माणूस जिवंत परत आल्याचा आनंद असे, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

आज मुंबईहून निघालेली गाडी आपल्या जबलपुरावरून जाऊन दिवसाहून थोड्या अधिक वेळात वाराणसीस पोहोचते. जेव्हा हीच वाट पायी तुडवावी लागे, पोलीस नव्हते, तार नव्हती, आगगाडी नव्हती, तेव्हा सामान्य वाटसरू आपला जीव आणि आपला कसा कोणत्या उपायांनी सांभाळीत असे, याचा विचार करावा म्हणून हा लेख लिहिण्यास घेतला आहे. आपल्या शहराचा या इतिहासाशी फार निकटचा संबंध आहे. शिवाय आपले मंडळ ज्या गरजेतून पन्नास वर्षांपूर्वी उभे राहिले, त्या गरजेचे मूळही मला या इतिहासात सापडते.

थोरामोठ्यांचा प्रश्न निराळा होता. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या आणि 1736 साली सुखरूप परतल्या. वाटेत जयपूरच्या सवाई जयसिंगाने त्यांचा सन्मान केला. मराठ्यांशी ज्याचे समरांगणावर वैर होते त्या महंमदखान बंगशानेही त्यांच्या प्रवासाचा चोख बंदोबस्त ठेविला. पेशव्यांच्या मातेच्या केसासही धक्का लागला तर त्याचे उत्तर कोणास द्यावे लागेल, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु कोकणातल्या भिक्षुकाला, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला किंवा देशावरच्या विधवा बाईला असे संरक्षण कोठून मिळावे? त्यांनी आपल्या अनुभवातून काही रीती ठरविल्या होत्या.

पहिली रीत संघाची. पावसाळा सरून नद्यांना उतार पडला आणि दसरा उलटला म्हणजे गावोगावचे यात्रेकरू एकत्र जमत व संघाने निघत. एकट्याने चालावयाचे नाही, दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावयाचा आणि पहाटेच्या अंधारात वाट धरावयाची नाही, हे नियम लहान मुलासही पाठ असत. दुसरी रीत पैसा लपविण्याची. कमरेचा कसा, बंडीच्या आतील खिसा, काठीची पोकळी, दशम्यांचे गाठोडे अशा नाना जागा होत्या; मात्र चोरांनाही त्या ठाऊक असत.

तिसरी रीत हुंडीची, आणि तिच्यामागील बुद्धिकौशल्य आजही थक्क करणारे आहे. नागपुरास किंवा पुण्यास सावकाराकडे रोकड भरावी आणि काशीच्या पेढीवर हुंडी घ्यावी, म्हणजे वाटेत नेण्यास कागदाचा तुकडा तेवढा उरे. हुंडी दाखविताच पैसे मिळाले तर ती दर्शनी, ठराविक मुदतीनंतर मिळाले तर मुदती. यांपैकी शहाजोग म्हणून जी हुंडी असे तिची रक्कम कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पडत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शहा’मार्फतच ती वटे. म्हणजे चोराने हुंडी पळविली तरी पैसे उचलण्यासाठी त्यास एखाद्या प्रतिष्ठित सावकारापुढे जाऊन उभे राहावे लागे. हुंडी हरवलीच तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला ‘पेठ’ म्हणत; तीही हरवली तर तिसरी मिळे, ती ‘परपेठ’. या व्यवस्थेचे सारे बळ कागदात नव्हते, तर कागदाच्या दोन्ही टोकांना बसलेल्या आणि एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांत होते.

वाटेच्या राखणीसही हेच तत्त्व लागू होते. महाराष्ट्रातील गावगाड्यात जागल्या किंवा रामोशी यांच्यावर चोरीची जबाबदारी असे. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढावयाचा. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली केला म्हणजे त्याची सुटका होई आणि भार पुढील गावावर पडे. माग ज्या गावात थांबे त्या गावाने चोर हजर करावा किंवा नुकसान भरून द्यावे. विंध्य-सातपुड्याच्या डोंगरी वाटांवर अहिल्याबाई होळकरांनी याच धर्तीची व्यवस्था मान्य केली होती. तेथील भिल्लांचा वाटेवरील मालावर अल्पसा कर घेण्याचा जुना हक्क होता. त्यास भिलकवडी म्हणत. बाईंनी तो हक्क मोडून काढला नाही. तो मान्य करून त्याच्या मोबदल्यात त्या हद्दीत चोरीस गेलेला माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या ग्रंथात, बाईंच्या निधनानंतर 28 वर्षांनी म्हणजे 1823 साली, या व्यवस्थेची नोंद केली आहे. बाईंनी ठिकठिकाणी बांधविलेल्या धर्मशाळा, विहिरी आणि घाट सर्वश्रुत आहेत. परंतु वाटसरूच्या दृष्टीने पाहता भिलकवडीचा हा करार त्यांच्या पाषाणी बांधकामांइतकाच मोलाचा होता, असे माझे नम्र मत आहे.

तीर्थक्षेत्री पोहोचल्यावर उपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडत. काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्ये यजमानाच्या आज्या-पणज्यांची नावे आणि त्यांच्या हातचे लेख दाखवीत. या वह्यांविषयी आपण आज विनोद करतो. परंतु परक्या मुलखात हा माणूस आपला कोण, हे पडताळून पाहण्याचे ते एक साधन होते. जागल्या, सावकार, भिल्ल नाईक, उपाध्याय या सर्वांत एक गोष्ट समान आहे. हे लोक उद्या त्याच ठिकाणी सापडणारे होते. त्यांना जाब विचारता येत होता.

आता या व्यवस्थेस कोणी छेद दिला ते पाहू.

ठगांची कथा आपल्या जबलपुरात कोणास नवी नाही. गळ्याभोवती टाकलेला रुमाल एवढेच त्या कथेतून सामान्यतः आपल्या लक्षात राहते. वास्तविक ठगाचे खरे हत्यार त्याची जीभ होती. त्यांच्या टोळीत ‘सोठा’ म्हणून एक असे. वाटसरूस बोलण्यात गुंतवून आपलासा करणे हे त्याचे काम. तो सभ्य वेषात येई, वाटसरूच्या भाषेत बोले, त्याच्याच जातीचा वा त्याच मुलखाचा बने. पुढची वाट चोराचिलटांची आहे, तेव्हा आपण सारे मिळून जाऊ या, असे तो सुचवी. ज्या नियमाने वाटसरू स्वतःचे रक्षण करी, तो सोबतीचा नियमच ठगांनी फास म्हणून वापरला. कित्येक दिवस एकत्र चालावे, एकत्र जेवावे आणि आधीच हेरून ठेवलेली निर्जन जागा आली की ‘झिरणी’ म्हणजे इशारा व्हावा. तो इशारा बहुधा तंबाखू आणण्याच्या साध्या हुकमासारखा असे.

रजेवर घरी निघालेले कंपनी सरकारचे शिपाई या फासात वारंवार सापडत, कारण त्यांच्या कमरेस वर्षावर्षाची शिल्लक असे. म्हणून 1810 च्या एप्रिलात मेजर जनरल सेंट लेजर याने एक लष्करी हुकूम काढला. रोकड बरोबर बाळगू नये, तिच्याऐवजी सरकारी हुंडी घेऊन आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टराकडे ती वटवावी. वाटेत अनोळखी माणसांची संगत कोणत्याही सबबीवर धरू नये. रात्रीचा प्रवास टाळावा, असा त्याचा आशय होता. दोन शतकांनंतरही प्रवाशास याहून फार वेगळा उपदेश करता येईल असे मला वाटत नाही.

इतक्या हत्या होऊनही त्यांचा बभ्रा का झाला नाही, हा या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. विल्यम स्लीमन 1822 ते 1824 या काळात नरसिंहपूर जिल्ह्याचा अधिकारी होता. आपल्या जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी ती आपणास कळते, अशी त्याची समजूत होती. पुढे त्यास उमगले की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी नांदत होती. आणि सागर-भोपाळ रस्त्यावरील एका गावच्या वनराया हे ठगांचे एक मोठे हत्यास्थान होते. स्वतःच्या अज्ञानाची ही कबुली त्याने 1836 साली प्रसिद्ध केलेल्या ‘रामसीआना’ या ग्रंथात मोकळेपणाने दिली आहे. ठगांचा शेजारी त्यांस सभ्य शेतकरी समजे, कारण ते घरापासून दूर जाऊन घात करीत. आणि मारला गेलेला वाटसरूही घरापासून दूर असे. घरच्यांना वाटे, तो अजून वाटेत आहे. ज्या गावी तो जावयाचा तेथे तो येणार हे कोणास ठाऊकच नसे. महिनोन् महिने त्याची कोणी चौकशी करीत नसे. ज्याची कोणी वाट पाहत नाही तो माणूस नाहीसा झाला तरी जगाच्या हिशेबात तूट दिसत नाही. ठगीचा धंदा या एका गोष्टीवर चालला होता.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. लॉर्ड बेंटिंकच्या कारकिर्दीत स्लीमनकडे हे काम आले. फिरंगिया नावाचा नामांकित ठग 1830 च्या अखेरीस पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. स्लीमनचा तंबू ज्या आमराईत होता, तेथेच जमीन खणून त्याने प्रेते दाखविली. साक्षीदारांच्या जबान्या, टोळ्यांच्या वंशावळी, हत्यास्थानांचे नकाशे आणि एका जबानीचा दुसरीशी ताळा या पद्धतीने शेकडो लोक पकडले गेले. जबलपूर व सागर येथे खटले चालले. जबलपुरात 1837 साली साक्षीदार ठगांसाठी उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू व सतरंज्या तयार होत. कटनीच्या वाटेवरील स्लीमनाबाद हे गाव आजही त्या अधिकाऱ्याचे नाव बाळगून आहे.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच थांबता कामा नये. 1836 च्या कायद्याने अमुक एक खून केला हे सिद्ध न होताही केवळ ठगांच्या टोळीत असल्याबद्दल जन्मठेप देता येऊ लागली. देवीच्या आज्ञेने खून करणारा हिंदुस्थानव्यापी गुप्त पंथ, हे जे चित्र इंग्रजी लेखनाने रंगविले, त्याविषयी आजचे इतिहासकार पुष्कळ साशंक आहेत. हे लोक मुख्यतः दारिद्र्याने, बेकारीने आणि काही ठिकाणी स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने या धंद्यात पडले, असे प्रतिपादन त्यांपैकी काहींनी केले आहे. समूहास गुन्हेगार ठरविण्याचा हा मार्ग एकदा खुला झाल्यावर 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि अनेक जमातींची मुले जन्मतःच चोर ठरली. स्वतंत्र भारताने 1952 साली तो कायदा रद्द केला; मनातील डाग मात्र अद्याप पुसला गेलेला नाही. ज्या भिल्लांना आणि रामोश्यांना जुन्या व्यवस्थेने वाटेचे राखणदार म्हणून जबाबदारी दिली होती, त्यांच्यासारख्यांकडेच नव्या व्यवस्थेने संशयाने पाहिले. वाटसरू त्यामुळे अधिक निर्धास्त झाला, असे म्हणवत नाही.

ठगीचा बीमोड झाल्यानंतरच्या पिढीतला आपल्या परिचयाचा वाटसरू म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची ओढगस्त निवारावी म्हणून ते 1857 साली आपल्या काकांसह उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वाटेतच शिपायांच्या उठावाची वार्ता आली. पुढे झांशीच्या वेढ्यात ते अडकले, गोऱ्या सोजिरांच्या लुटीत जवळची पुंजी गेली, आणि त्यानंतरही ते वाटेत नागवले गेले. त्यांच्या हकिगतीचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केले. जेथे राज्यच लुटीस निघते तेथे कसा, काठी, संघ यांतील काहीच उपयोगी पडत नाही, हे त्या पुस्तकावरून दिसते. त्याचबरोबर आणखीही एक गोष्ट दिसते. ग्वाल्हेर, झांशी, ब्रह्मावर्त अशा गावोगावी मराठी बिऱ्हाडे होती, आणि सर्वस्व गमावलेल्या या भिक्षुकास अशाच घरांच्या ओसरीवर आसरा मिळाला. अखेर ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. द्रव्य आले नाही, माणूस आला.

1870 च्या मार्चमध्ये मुंबई ते अलाहाबाद हा लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. गळफासाची जागा मात्र धोत्र्याने घेतली. गोड बोलून ओळख करावयाची, खाण्यापिण्यात धोत्र्याचे बी कालवावयाचे आणि बेशुद्ध प्रवाशास लुबाडावयाचे, हा प्रकार एकोणिसाव्या शतकात सडकांवर सर्रास होता. पुढे तो आगगाडीत शिरला. आज उत्तरेकडे त्यासच ‘जहरखुरानी’ म्हणतात. हत्यार बदलले, सोठा तोच आहे. हे मी वाचून सांगत नाही, अनुभवाने सांगतो.

1996 च्या डिसेंबरात माझी जबलपुरास बदली झाली. मुंबईकडून येणाऱ्या गाडीत भुसावळास एक गृहस्थ चढले. शुद्ध मराठी, कपाळी गंध, हाती पिशवी. माझे गाव, आडनाव, कुळकथा त्यांनी पाचच मिनिटांत काढून घेतली आणि आमच्या तालुक्यात त्यांची बहीण दिली असल्याचे सांगितले. उत्तरेकडे चोऱ्या फार होतात, सामान सांभाळा, असा उपदेशही केला. इटारसी सुटल्यावर त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा पुढे केला. परमुलखात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला, या आनंदात मी तो घेतला. त्यानंतरचे मला काही आठवत नाही.

मला कटनीस उतरविण्यात आले. पेटी, घड्याळ, पाकीट, सारे गेले होते. जबलपूर कधी मागे पडले, स्लीमनाबाद कधी गेले, याचा मला पत्ता नव्हता. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी एक वयस्क गृहस्थ बसले होते. ते आपल्या मंडळाचे तेव्हाचे एक पदाधिकारी होते. माझ्या वडिलांनी ओळखीने त्यांस पत्र घातले होते: मुलगा अमुक गाडीने येत आहे, नवखा आहे, लक्ष असू द्यावे. ते फलाटावर उभे राहिले. गाडी आली, गेली, मी उतरलो नाही. चुकली असेल गाडी, येईल उद्या, असे म्हणून ते घरी गेले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. ते स्टेशनमास्तरांकडे गेले, माझे नाव व डब्याचा क्रमांक दिला, पुढच्या स्थानकास फोन करविला आणि मिळेल त्या वाहनाने स्वतः कटनीस आले.

नंतर मी या दोन मराठी माणसांचा पुष्कळ विचार केला. भाषा दोघांचीही तीच होती. एकाने माझ्याविषयी सर्व विचारून घेतले आणि स्वतःविषयी पडताळता येईल असे काहीच सांगितले नाही. दुसऱ्याने मला काही विचारले नाही; आपला पत्ता मात्र कागदावर लिहून माझ्या खिशात ठेविला. पहिला उद्या कोठे सापडेल हे सांगता येत नव्हते. दुसऱ्याचे घर साऱ्या वस्तीस ठाऊक होते. जागल्या आणि सोठा यांच्यातला फरक तो हाच, असे मला वाटते.

आज साधने वाढली आहेत. गाडीत चोरी झाल्यास तपासनिसाकडे तक्रार देता येते, 139 या क्रमांकावर मदत मागता येते, आणि हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदविण्याची सोय 2024 च्या जुलैपासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी संहितेत स्पष्टपणे केलेली आहे. आसनाखालच्या कड्यांना पेटी साखळीने बांधावी, रोकड थोडकी ठेवावी, अनोळखी हातचे खाऊ-पिऊ नये. हे सर्व करावेच. परंतु निघताना कोणत्या गाडीने निघालो आणि केव्हा पोहोचणार हे दोन्ही टोकांच्या माणसांस कळविणे, हा त्या सर्वांहून जुना व माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना करतो. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, परीक्षांसाठी आजही महाराष्ट्रातून मुले-मुली या शहरात एकट्याने येतात. मंडळाच्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. येणाऱ्याचे नाव, गाडी, दिवस तीत लिहावा आणि तो पोहोचला की त्यापुढे खूण करावी. ज्याच्या नावापुढे खूण झाली नाही, त्याच्यासाठी आपल्यापैकी कोणी तरी स्टेशनावर जावे. त्या गृहस्थांनी माझ्यासाठी हेच केले. ते आज हयात नाहीत, आणि आपले नाव छापलेले त्यांस रुचले नसते, म्हणून ते येथे दिलेले नाही. वहीचे पहिले वर्ष सांभाळण्यास मी तयार आहे.